साबणातली हळद आणि अमळनेरचा शेअर



गेल्या दोन हंगामांत पारोळा, एरंडोल, शिंदखेडा, साक्री या बाजूच्या बैठकांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. कपाशी हात देत नाही, ज्वारी खाण्यापुरती आणि कडब्यापुरती उरली. मग शहरात 'नैसर्गिक', 'हर्बल' म्हणून जे साबण, उटणी, लेप आणि तेले खपतात, त्यांच्यासाठी कोरफड, आंबेहळद, वाळा असे काही लावावे का? कोणीतरी एजंट गावात येतो, रंगीत कागद दाखवतो, रोपांचे पैसे घेतो आणि 'माल आम्हीच उचलू' म्हणून जातो. विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढेच उत्तर हवे असते. माझे उत्तर 'नाही' आहे. पण त्यामागे हिशेब आहे, आणि तो नीट मांडला तर त्यातूनच एक 'हो' निघते. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

साबण म्हणजे काय? तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांची भट्टी. बाकी सगळे वरचे. सरकारी मानकाप्रमाणे अंगाच्या साबणात पहिल्या प्रतीला शंभरात ७६ भाग स्निग्ध पदार्थ लागतात, दुसऱ्या प्रतीला ७० आणि तिसऱ्या प्रतीला ६०. घरातल्या कोणत्याही वडीचे वेष्टन उलटून बारीक अक्षरांत लिहिलेले वाचा. बहुतेक ठिकाणी पहिले नाव सापडेल 'सोडियम पामेट'. म्हणजे पामतेल, आणि ते येते मलेशिया-इंडोनेशियातून. वेष्टनाच्या पुढच्या बाजूला ज्या हळदीचे, कडुनिंबाचे, कोरफडीचे मोठे चित्र असते, तिचे नाव मागच्या यादीत बहुधा तळाशी असते.

समजा, शंभर ग्रॅमच्या वडीत अर्धा ग्रॅम हळद पडली. अर्धा ग्रॅम म्हणजे पुष्कळ झाली, पण धरू. एका किलो हळदीत दोन हजार वड्या झाल्या. क्विंटलमध्ये दोन लाख. एकरी वीस क्विंटल वाळलेली हळद निघाली तर चाळीस लाख वड्या. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या बेचाळीस लाखांच्या घरात होती. म्हणजे तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत जवळजवळ प्रत्येकाच्या हातात एकेक वडी ठेवायला सगळ्या जिल्ह्याला हळद लागते एक एकर! किलोला दीडशे रुपये भाव धरला तरी त्या वडीतली हळद साडेसात पैशांची. भाव दुप्पट झाला तर पंधरा पैशांची. साबणवाल्याला त्याचे ना सुख ना दुःख. आणि ज्या मालाचा भाव दुप्पट झाला तरी घेणाऱ्याच्या हिशेबात फरक पडत नाही, त्याचा भाव निम्मा झाला तरी त्याला पत्ता लागत नाही. असा माल पिकवणाऱ्याच्या हातात काही ताकद राहत नाही.

कोरफडीची गोष्ट याहून वाईट. तिच्या गरात शंभरात अठ्ठ्याण्णवच्या पुढे पाणी. तोडलेले पान ठेवले की गर काळवंडतो, पातळ होतो. त्यामुळे त्याच दिवशी कारखान्यात जायला हवा. कारखाना जर शंभर-दीडशे किलोमीटरवर असेल तर तुम्ही भाडे भरून पाणी वाहून नेता आणि फाटकावर उभे राहून मिळेल तो भाव घेता. परत न्यायचे म्हटले तर नेणार काय? कापूस निदान घरात भरून ठेवता येतो. सफेद मुसळी आणि जट्रोफा ज्यांनी पाहिले आहेत त्यांना जास्त सांगायला नको. त्या दोन्ही लाटांत पैसा झाला तो बेणे आणि रोपे विकणाऱ्यांचा. माल तयार झाला तेव्हा उचलणारा कुठे होता, ते ज्याच्या घरी पोती पडून राहिली त्याला विचारा.

मग या धंद्यात पैसा आहे तरी कुठे? त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही. अमळनेरला चला.

२९ डिसेंबर १९४५ रोजी अमळनेरला मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी काढली. कारण साधे: आजूबाजूच्या शिवारात भुईमूग होता, रेल्वे होती. तेलापासून 'सनफ्लॉवर' वनस्पती तूप निघू लागले आणि तेलाच्या धंद्याला जोडून '७८७' नावाचा कपडे धुण्याचा साबण. १९६६ साली वडील वारले तेव्हा अझीम प्रेमजी एकवीस वर्षांचे होते. शिक्षण सोडून त्यांनी कारभार हाती घेतला. कंपनीचे नाव पुढे विप्रो झाले, संगणकाच्या धंद्यात ती जगभर गेली. १९८५ च्या सुमारास तिने अंगाचा साबण काढला, संतूर. संदल म्हणजे चंदनातला 'सं' आणि टर्मरिक म्हणजे हळदीतला 'टूर'. आपल्या माजघरातल्या दोन वस्तू, नावासकट.

या साबणाची पुढची हकिगत जाहिरातवाले आवडीने सांगतात. शेतकऱ्यानेही ती ऐकावी. सुरुवातीच्या जाहिराती हळद आणि चंदनाचे गुण सांगत होत्या. खप बेताचाच राहिला. मग जाहिरात बदलली. एक तरुण दिसणारी बाई, लोक तिला कॉलेजातली मुलगी समजतात, एवढ्यात 'मम्मी' अशी हाक मारत छोटी पोर धावत येते. साबण तोच, हळद तीच. पण खप चढला आणि आज देशातल्या सर्वांत जास्त खपणाऱ्या साबणांत त्याची गणना होते. वस्तूत हळद आहे म्हणून बाई साबण घेत नाही. आपण तरुण दिसू या आशेने घेते. त्या आशेची किंमत वडीच्या किमतीत आहे, आणि ती आशा ज्याने तयार केली त्याच्याकडे ती किंमत जाते. (त्या जाहिरातीतल्या बाईचे हात कॅमेरा कौतुकाने दाखवतो. वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या टोकांनी चिरलेली बोटे कोणी दाखवणार नाही. त्या बोटांना आपल्याकडे रात्री एरंडेल चोळतात, त्याची जाहिरात नाही.)

यात कंपनीने कोणाला लुटले असे मी म्हणत नाही. तिने धंदा केला आणि चांगला केला. माझा मुद्दा दुसराच आहे. अमळनेरात दोन प्रकारची माणसे या कंपनीच्या संबंधात आली. एकाने तिला शेंगा विकल्या. त्याला त्या दिवशीचा भाव मिळाला, व्यवहार संपला. दुसऱ्याने तिचे शेअर घेतले. ते व्यापारी, नोकरदार आणि काही शेतकरीही होते. ज्यांनी ते न विकता जपले, त्यांच्या एका शेअरचे बोनस आणि विभाजन होत होत इतके शेअर झाले की साध्या घरांत आज कोट्यवधींची मालमत्ता आहे. अमळनेरच्या या भागधारकांवर देशभरच्या वर्तमानपत्रांनी लिहिले आहे. एकाच गावात, एकाच कारखान्याच्या दारात, कच्चा माल देणारा आणि मालकीचा तुकडा घेणारा. पन्नास-साठ वर्षांनी दोघांची घरे बघा. शेंगा विकणाऱ्याचा भुईमूगही गेला.

तो कसा गेला, तेही सांगायला हवे. खाद्यतेलाची आयात १९९४ साली खुली झाली तेव्हा पामतेलावर ६५ टक्के शुल्क होते. चार वर्षांत ते १५ टक्क्यांवर आले. आयात बंद करा असे आमचे म्हणणे कधी नव्हते, आजही नाही. म्हणणे एवढेच की पेरताना एक नियम आणि विकताना दुसरा, हा खेळ थांबवा. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पामतेलावरचे मूळ शुल्क शून्यावरून वीस टक्के केले आणि मे २०२५ अखेर, खरिपाच्या पेरण्या तोंडावर असताना, ते दहावर आणले. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क काढले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. आपली वेचणी नेमकी त्याच काळात येते, हे दिल्लीला ठाऊक नाही असे कोणी समजू नये. साबण पामतेलाचा का आणि शेंगतेलाचा का नाही, याचे अर्धे उत्तर या तारखांत आहे.

चंदनाची कहाणी तर सरकारी कारभाराचा नमुना आहे. म्हैसूर राज्यात टिपूच्या काळापासून चंदन हे राजाचे झाड. स्वातंत्र्यानंतरही तेच चालले; झाड तुमच्या शेतात, मालकी सरकारची. मग शेतकऱ्याने रोप दिसले की उपटून टाकायचे, कारण मोठे झाले तर चोर येणार आणि चोरामागून पोलीस. कर्नाटकाने २००१ मध्ये आणि तामिळनाडूने २००२ मध्ये कायदा बदलून झाड जमीनमालकाचे केले, तोवर रानातले चंदन तस्करांनी साफ केले होते. आपल्या खानदेशातही बांधावर, नाल्याच्या काठी चंदन आपोआप उगवते. ते तोडायला आणि वाहून न्यायला वनखात्याची परवानगी लागते. चोराला लागत नाही! ज्या वस्तूला सगळ्यांत जास्त भाव, तिच्यावर सगळ्यांत जास्त बंधन. आणि मग शेतकरी उदासीन आहे म्हणून भाषणे.

इथे काही मंडळी वेगळाच सूर लावतात. हळद, कडुनिंब हा आपला ठेवा आहे, परदेशी कंपन्या तो पळवतात, त्यांना अडवले की शेतकऱ्याचे भले होईल. ठीक. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली पुरावे देऊन ते १९९७ मध्ये रद्द करवले. कडुनिंबाच्या तेलापासून बुरशीनाशक करण्याचे युरोपीय पेटंट २००० साली रद्द झाले, त्यावरचे अपील २००५ मध्ये फेटाळले गेले. दोन्ही कामे चांगली झाली, दोन्हींचा अभिमान आहे. पण हळद 'परत' मिळाल्यावर हळदीचा भाव चार आण्यांनी तरी वाढला का? बांधावरची निंबोळी गोळा करणाऱ्या बाईला काय मिळाले? अनेक गावांत ती अजून किराणा दुकानात मीठ-मिरचीच्या बदल्यात निंबोळी टाकून येते. आजीबाईच्या बटव्याचे गोडवे गाऊन बटव्यात पैसा पडत नाही.

आता ते 'हो'. शरद जोशींनी १९९१ साली शेगावच्या मेळाव्यात चतुरंग शेती मांडली: सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती आणि निर्यातशेती. त्यातली माजघरशेती म्हणजे शेतातला माल घरात आल्यावर त्यावर पहिला हात आपण फिरवायचा, कच्चा माल कच्चा म्हणून दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही. पुष्कळांनी तेव्हा ती पापड-लोणच्यांची गोष्ट समजून हसण्यावारी नेली. सौंदर्याच्या या बाजारात ती कशी लागू पडते ते पाहू. नवे काही लावण्याआधी शिवारात काय फुकट पडले आहे, ते बघा.

लव्हाळा घ्या. कपाशीत ज्याच्या नावाने आपण बोटे मोडतो, खुरपणीचे पैसे ओततो, तो लव्हाळा म्हणजे आयुर्वेदातला मुस्ता. त्याच्या गाठींना सुवास असतो. उटण्यात आणि अत्तरात पडणारा नागरमोथा हा त्याच कुळातला. वाळवून, धुऊन, मुळ्या जाळून साफ केलेल्या गाठी सुकट मालासारख्या टिकतात. यातून कोणी श्रीमंत होणार नाही, मोठा बाजार नाही. पण तणाला गिऱ्हाईक असते, एवढे ध्यानात आले तरी पुरे.

सरकीचे गणित मोठे आहे. क्विंटलभर कापसात ३४-३५ किलो रुई निघते, बाकी जवळजवळ सगळी सरकी. ती आपण कापसाच्या भावात देऊन मोकळे होतो. नंतर तेल गिरणीत आणि ढेप आपल्याच गोठ्यात, विकत. सरकीचे तेल शुद्ध करताना जो गाळ निघतो, ज्याला धंद्यात सोपस्टॉक म्हणतात, तो साबणाच्या भट्टीत जातो. पण जिनिंग आणि तेलशुद्धी ही मोठ्या भांडवलाची कामे आहेत. दहा जणांनी मिळून उद्या सकाळी सुरू करावे असे ते नाही.

उद्या सकाळी सुरू करण्यासारखी आहे निंबोळी. हळदीत आणि निंबोळीत फरक असा की साबणात हळद चिमटीने पडते, निंबोळीचे तेल मात्र साबणाचे अंगच होते. वडीत दहा टक्के तेल घालता येते आणि तसे घातले तर त्याचा वास, रंग, गुण गिऱ्हाइकाला कळतो. किलोभर तेलाला चांगला मगज तीन किलोच्या आसपास लागतो, आणि किलोभर तेलात शंभर वड्या होतात. राहिलेली पेंड आपल्याच कपाशीला. भरूचच्या गुजरात नर्मदा खत कंपनीने, २०१५ मध्ये युरियाला निंबोळी तेलाचा थर सक्तीचा झाल्यानंतर, खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून निंबोळी विकत घेऊन तेल काढायला सुरुवात केली आणि त्याच तेलाचा साबणही बाजारात आणला. भरूच आपल्यापासून लांब नाही. नंदुरबार-तळोद्याकडच्या मंडळींना तर शेजारीच.

मात्र त्यात एक अट आहे, आणि ती शेतीच्या कामाची असल्याने स्पष्ट लिहितो. मृग-आर्द्रात निंबोळी पिकून पडते आणि नेमका पाऊस असतो. गोळा केलेल्या निंबोळ्या तशाच पोत्यात किंवा ढिगात राहिल्या की दोन दिवसांत तापतात, बुरशी चढते, तेल कडवट काळे येते आणि कोणीही खरेदीदार भाव पाडतो. पिवळी झालेली निंबोळी त्याच दिवशी पाण्यात चोळून वरचा गर काढायचा, बी धुऊन सावलीत पातळ पसरायची, वारा लागू द्यायचा. कडक उन्हात टाकू नये. ज्या अझाडिरेक्टिनसाठी आपण पाच टक्के अर्क फवारतो ते उन्हाने कमी होते. खडखडीत वाळल्यावर गोणपाटात भरायची, प्लास्टिकच्या पोत्यात नाही. एवढे केले तर तीच निंबोळी दिवाळीपर्यंत टिकते आणि विकायची घाई आपल्याला राहत नाही. घाई नसणे हाच भावाचा पहिला आधार.

परवान्याचे प्रकरण लोकांना घाबरवते, म्हणून तेही. अंगाचा साबण, तोंडाचा लेप ही कायद्याने सौंदर्यप्रसाधने आहेत. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि आता २०२० चे नियम त्यांना लागू होतात. विकण्यासाठी बनवायचे तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना हवाच. 'घरगुती आहे' म्हणून सूट मिळत नाही. जत्रेत, प्रदर्शनात बचत गटांना जे विकायला बसवतात त्यांना हे कोणी सांगत नाही, आणि एक दिवस निरीक्षक येतो. पण वाटा आहेत. नुसते निंबोळी तेल आणि कपडे धुण्याचा साबण सौंदर्यप्रसाधनांत येत नाहीत. अमळनेरच्या कंपनीनेही सुरुवात ७८७ नेच केली होती. अंगाचा साबण करायचा तर परवाना असलेल्या दुसऱ्याच्या कारखान्यात आपल्या नावाने तो करून घेण्याचा 'लोन लायसन्स'चा मार्ग नियमांत आहे. आणि देखरेखीला तांत्रिक माणूस लागतो म्हणून बिचकू नका: १९४५ च्या जुन्या नियमांतही बारावीपर्यंत रसायनशास्त्र शिकलेले माणूस चालत असे. अशा मुली आज आपल्या प्रत्येक गावात आहेत, आणि त्या नोकरीची वाट बघत बसल्या आहेत.

राहिला मालकीचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा तोच. २००३ पासून कायद्यात उत्पादक कंपनीची सोय आहे, दहा शेतकरी पुरेसे होतात. महाराष्ट्रात अशा कंपन्या शेकड्यांनी निघाल्या. त्यांतल्या किती अनुदानाच्या फायलीपुरत्या आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. संचालक पुढाऱ्याचा भाऊ, सभासदांना शेअरचा कागद कधी दिसला नाही, हिशेब कोणी मागितला नाही. अशी कंपनी काढण्यापेक्षा व्यापाऱ्याला निंबोळी विकलेली बरी, तो निदान रोख देतो. काढायची असेल तर गोळा करणाऱ्या बाईच्या नावावर शेअर हवा, तिच्या नवऱ्याच्या नाही. १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीत आपल्यातल्या अनेकांनी बायकोच्या नावे जमीन केली. त्या मानाने शंभर रुपयांचा शेअर तिच्या नावे करायला काय जड आहे? आणि जो मुद्दा कोणी काढत नाही तो असा: २०१३ साली विप्रोने साबण-तेलाचा धंदा वेगळ्या कंपनीत नेला आणि ती कंपनी शेअरबाजारात नाही. म्हणजे आज कोणी म्हटले की मीही अमळनेरवाल्यांसारखा साबणाचा शेअर घेतो, तर तो बाजारात विकत मिळणार नाही. स्वतःचाच काढावा लागेल.

जिल्हा बैठकीत या विषयाला अर्धा तास ठेवला आहे. येताना आपल्या गावात कडुनिंबाची मोठी झाडे अंदाजे किती, निंबोळी सध्या कोण घेतो, काय भावाने आणि रोखीने की मालाच्या बदल्यात, एवढे लिहून आणा. वाळवलेल्या बियांचा किलोभर नमुना कोणाकडे असेल तर तोही. मायबहिणींनी यावे, गेल्या वेळी त्या विषयावर बोललो आणि ऐकायला सगळे पुरुषच होते.